जर्दा आधी

पाहुणे तिघे. दोघे कुठल्याशा थंड देशाचे, एक दिल्लीचा.
चौथी मी, रोजचे आठशे रुपये:
तेलुगूचं मराठी, मराठीचं इंग्रजी,
आणि वाटेत जे सांडेल ते माझं.

एप्रिलातलं सोलापूर. अंगणवाडीतला पंखा
गरम हवा इकडची तिकडे करत होता.
बैठक अकराला ठेवलेली.
अकराला बाया ब्रँचवर असतात,
हजार विड्या मोजून द्यायच्या रांगेत.
म्हणून खुर्च्यांवर बसले
राजव्वाचा नवरा, बालामणीचा दीर,
नगरसेवकाची दोन माणसं
आणि एक म्हातारा, पंख्यासाठी आलेला.
बोलले सगळे पाण्यावर:
टाकी कुठं, पाइप किती इंची, खड्डे कोण खणणार.
पाणी पाचव्या दिवशी येतं, रात्री अडीचला,
हे कुणी बोललं नाही.
ते जागेच नसतात तेव्हा.

मसुदा माझ्या पिशवीत होता. जाडजूड.
पान नव्वद, परिशिष्ट सहा, एक चौकट:
'महिलांचा सहभाग घेतला जाईल.'
घेतला जाईल.
जसं ब्लाउजचं माप घेतलं जाईल.

संध्याकाळी मार्गितबाई म्हणाल्या, एखाद्या घरी जाऊ.
राजव्वा ओट्यावर, मांडीवर सूप,
ओल्या फडक्यात भिजलेली पानं,
पत्र्याचा फर्मा, कात्री.
बोटं चाललेली, डोळे आमच्याकडे.
मार्गितबाई समानतेवर बोलल्या, हळू, मनापासून.
मी सगळं गोळा करून तेलुगूत एवढंच म्हणाले:
बाई आणि माणूस सारखे.
राजव्वा म्हणाली,
कशाला सारखे? मला त्याच्यासारखी झोप दे. पुरे.
हे इंग्रजीत नेताना
अर्ध्याहून जास्त सांडलं.

मग त्यांनी विचारलं,
या प्रकल्पात तुम्हाला नेमकं काय हवं?
राजव्वानं पान उचललं.
जर्दा न घालता तसंच वळलं,
नखानं तोंड मुडपलं, दोरा गुंडाळला,
आणि विडी बाईंच्या तळहातावर ठेवली.
आता घाला म्हणाली, जर्दा.
बाई हसल्या. मग हसायच्या थांबल्या.
विडी इकडून बघितली, तिकडून बघितली.
'बांधून झाल्यावर जात नाही, अम्मा.
वरून भुरभुरला तर मांडीवर पडतो.
आधी जर्दा, मग वळणं, मग दोरा.
माझी नात पण सांगेल.'
आणि माझ्याकडे वळून:
आमचं पान कितवं म्हणालीस?
नव्वदावं.
'असला कट्टा मी दिला असता
तर चेकरनं छाट म्हणून फेकला असता.
मजुरी पण कापली असती.'

दिल्लीकरानं घड्याळ बघितलं.
पुढची बैठक कधी ठेवायची?
राजव्वा म्हणाली, नळापाशी. रात्री अडीचला.
सगळ्या बाया भेटतील, एकीला बोलवायला नको.
तो मोठ्यानं हसला.
मार्गितबाईंनी वही उघडून लिहिलं.
काय लिहिलं, मला दिसलं नाही;
त्यांची भाषा माझ्याकडे नाही.

नवा मसुदा आला का, पहिल्या पानावर काय आहे,
मला कुणी कळवलेलं नाही.
मानधन आलं तीन महिन्यांनी.
त्याआधी एक अर्ज आला होता,
त्यात रकाना: वडील अथवा पती यांचे नाव.
मी रिकामा सोडला. परत आला.
लाल शाईनं गोल करून.
भरला मग. आठशे गुणिले चार, सोडवत नाहीत.

ती पोकळ विडी बाई ओट्यावरच विसरल्या.
माझ्या पर्समध्ये आहे. पान वाळून तडकलंय,
दोरा मात्र तसाच.

आज पाचवा दिवस.
मी अडीचचा गजर लावलाय.
राजव्वा गजर लावत नाही.
तिच्या ओट्यावरून आत्ताच, सव्वा दोनला,
घागरी मांडल्याचा आवाज आला.